सहा-सहा दृष्टी, सिकलसेल आणि डोळ्यांची अँजिओग्राफी

सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार म्हटला की हाडांतील कळा, वरचेवर पिवळे होणारे डोळे, सलाईन आणि रक्ताच्या पिशव्या एवढेच बहुतेकांना आठवते. माझ्या फाईलमध्येही अनेक वर्षे एवढेच होते. नागपूरच्या रक्तविकारतज्ज्ञांनी एका भेटीच्या शेवटी ‘बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासून घ्यावे, शक्य असल्यास रक्तप्रवाहाची छायाचित्रे (अँजिओग्राफी) काढावीत’ असे लिहून दिले, तेव्हा मला लांबचे आणि जवळचे सगळे स्पष्ट दिसत होते. म्हणूनच आता तपासणी करायची, असे त्यांचे म्हणणे होते. सिकलसेलमध्ये दृष्टिपटलाचा, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा, बिघाड बहुधा त्याच्या दूरच्या कडेपासून सुरू होतो. वाचन, शिवणकाम, माणसांचे चेहरे ओळखणे ही कामे मात्र दृष्टिपटलाचा मध्यभाग करतो, त्यामुळे कडेच्या रक्तवाहिन्या बंद पडत गेल्या तरी रुग्णाला काही जाणवत नाही. जाणवते ते एकदम डोळ्यात रक्तस्राव झाल्यावर किंवा पडदा सरकल्यावर. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत सिकलसेलच्या रुग्णांची अशी तपासणी वयाच्या १० व्या वर्षापासून सुरू करावी आणि सर्व ठीक असेल तर दर एक-दोन वर्षांनी ती पुन्हा करावी, असे सांगितलेले आहे. माझी पहिली तपासणी त्या मानाने फारच उशिरा झाली.

माझे माहेर भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्यात आहे. आमच्याकडे ‘एएस पॅटर्न’ (एकाच पालकाकडून सिकलसेलचे जनुक आलेला वाहक) आणि ‘एसएस पॅटर्न’ (दोघांकडून ते आलेला रुग्ण) हे शब्द शाळकरी मुलांनाही माहीत असतात, आशाताई घरी येऊन विचारपूस करतात आणि लग्नाच्या बोलणीत रक्ताच्या तपासणीचा विषय निघतो. नोकरी आणि लग्नामुळे मी कोल्हापुरात आले आणि इथे या आजाराची ओळख प्रत्येक ठिकाणी नव्याने करून द्यावी लागते, हे लक्षात आले. त्यात कोणाचा दोष नाही. महाराष्ट्रात सिकलसेलचे रुग्ण मुख्यतः विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत आहेत. पंचगंगेच्या काठी पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या कुटुंबांना हा आजार ठाऊक असण्याचे कारण नाही. माझ्या डोळ्यांतील पिवळेपणा पाहून शेजारच्या काकू आजही काळजीने काविळीचे झाडपाल्याचे औषध सुचवतात. नेत्र रुग्णालयात जाताना मी म्हणूनच पूर्ण फाईल बरोबर नेली: हिमोग्लोबिनचा प्रकार सांगणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस चाचणीचा अहवाल, बाळ गर्भात असताना त्याच्या रक्तात असणाऱ्या हिमोग्लोबिनचे, म्हणजे एचबीएफचे प्रमाण, अलीकडचे हिमोग्लोबिन, सिकलसेलवरील हायड्रॉक्सियुरिया या औषधाची मात्रा आणि मूत्रपिंडाची तपासणी. शाहूपुरीतील ज्या रुग्णालयात मी गेले तिथल्या दृष्टिपटलतज्ज्ञ मॅडमनी ती फाईल पहिल्या पानापासून वाचली आणि मगच मला खुर्चीत बसायला सांगितले. अनोळखी शहरात या आजाराच्या रुग्णाला एवढ्यानेही किती धीर येतो, हे आमच्यापैकी कोणालाही वेगळे सांगावे लागणार नाही.

तपासणीत काय शोधायचे असते ते समजण्यासाठी आजाराचे मूळ थोडक्यात सांगते. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढ्या बदलामुळे प्राणवायू सोडल्यानंतर हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब तंतू तयार करते आणि तांबडी पेशी ताठ, विळ्याच्या आकाराची होते. निरोगी तांबडी पेशी सुमारे ७ ते ८ मायक्रॉन रुंद असूनही स्वतःला दुमडून तिच्याहून अरुंद केशवाहिनीतून सहज निघून जाते. ताठ झालेली पेशी अडकते, तिच्यामागे इतर पेशी साचतात आणि तिथला प्रवाह थांबतो. दृष्टिपटलाच्या कडेला धमन्या अतिशय बारीक झालेल्या असतात आणि प्रवाह संथ असतो, त्यामुळे अडथळ्याला सर्वात आधी तीच जागा बळी पडते. एरवी शरीरातील हा अडथळा थेट पाहता येत नाही, त्याचे परिणाम तेवढे भोगावे लागतात. डोळा ही अशी जागा आहे की जिथे शस्त्रक्रिया न करता, पारदर्शक माध्यमातून, रक्तवाहिन्या चालू असताना पाहता येतात. माझ्या हाडांत कळ उठते तेव्हा आत काय घडत असेल याची मी लहानपणापासून कल्पना करत आले होते. ते प्रत्यक्ष दिसू शकते, ही गोष्ट मला त्या दिवसापर्यंत कोणी सांगितली नव्हती.

तयारीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण नेत्र रुग्णालयाच्या नेहमीच्या सूचना आणि सिकलसेलच्या रुग्णाने पाळायचे नियम यांचा इथे मेळ घालावा लागतो. रक्तप्रवाहाच्या छायाचित्रांसाठी शिरेत रंगद्रव्य देतात आणि ते दिल्यावर मळमळ होऊ शकते म्हणून पोट फार भरलेले नसावे, अशी सूचना मला मिळाली होती. परंतु आमच्यासारख्यांनी तासन्‌तास कोरडे राहणे म्हणजे दुखण्याला आमंत्रण देणे होय. मी आधीच फोन करून विचारले तेव्हा पाणी बंद करण्याची गरज नाही, हलका नाश्ता चालेल, असे मॅडमनी स्पष्ट केले. यंत्रांच्या खोल्यांत वातानुकूलन जोरात चालू असते आणि थंडीने माझे सांधे धरतात, त्यामुळे मार्चचे ऊन असूनही मी शाल आणि पायमोजे बरोबर नेले. दुखणे सुरू असताना किंवा ताप असताना ही तपासणी ठरवू नये, हेही आधीच बोलून घेतले होते. पूर्वी कोणत्या औषधाची ॲलर्जी झाली होती का, दमा आहे का, गर्भधारणेची शक्यता आहे का, हे प्रश्न विचारून संमतिपत्रावर सही घेण्यात आली.

प्रथम तक्ता वाचून घेतला. दोन्ही डोळ्यांची दृष्टी सहा-सहा (६/६), म्हणजे पूर्ण सामान्य आली. मग डोळा मोठा करून दाखवणाऱ्या स्लिट लॅम्प या यंत्रावर मॅडमनी मला वर बघायला सांगून खालची पापणी ओढली आणि बुबुळाखालच्या पांढऱ्या भागावरील रक्तवाहिन्या पाहिल्या. सिकलसेलमध्ये तेथील काही बारीक वाहिन्या सलग न दिसता स्वल्पविरामासारख्या तुटक तुकड्यांत दिसतात, कारण मधल्या भागातील प्रवाह थांबलेला असतो. माझ्या डोळ्यांत तसे तुकडे होते. त्यानंतर बाहुल्या मोठ्या करण्याचे थेंब घातले आणि बराच वेळ डोळे मिटून बसवले. मॅडमनी डोक्याला दिवा बांधून, हातात भिंग धरून, मला आठही दिशांना बघायला लावत दृष्टिपटलाची कड तपासली. डाव्या डोळ्यात त्यांना काळसर, तारकेसारख्या कडा असलेला एक जुना डाग दिसला, जो पूर्वी कधीतरी झालेल्या छोट्या रक्तस्रावाची खूण असतो. उजव्या डोळ्यात कानशिलाच्या बाजूला, वरच्या अंगाला त्या जास्त वेळ थांबल्या. त्यांनी काही न बोलता सहायकाला फक्त ‘अँजिओमध्ये उजवा आधी’ असे सांगितले.

रंगद्रव्याच्या तपासणीआधी ओसीटी अँजिओग्राफी झाली. यात टोचणे नाही, रंग नाही. हनुवटी आणि कपाळ टेकवून समोरच्या छोट्या खुणेकडे न हलता पाहायचे, एवढेच. प्रकाशाच्या परावर्तनावरून दृष्टिपटलाच्या थरांचा उभा छेद दाखवणारे ओसीटी तंत्र १९९१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले, आणि त्यातूनच पुढे हे अँजिओग्राफीचे तंत्र विकसित झाले. यंत्र एकाच जागेचे छेद लागोपाठ पुन्हा पुन्हा घेते आणि त्यांची तुलना करते. स्थिर पेशीसमूह प्रत्येक वेळी तसेच्या तसे दिसतात, तर वाहत्या रक्तातील पेशी जागा बदलत असल्यामुळे तेवढ्याच ठिकाणी फरक पडतो; तो फरक म्हणजे प्रवाह, असे धरून यंत्र रक्तवाहिन्यांचा नकाशा तयार करते. सहायक तरुण कोल्हापूरचाच होता. ‘ताई, पापणी पडली तरी चालतंय, पण नजर हलवू नका बघा,’ असे तो प्रत्येक वेळी सांगत असे. नजर थोडी जरी हलली तरी चित्रात आडवी पट्टी येते आणि ते पुन्हा घ्यावे लागते. पाठीच्या मणक्यांत जुने दुखणे असलेल्या माणसाला पुढे वाकून स्थिर बसणे सोपे नसते. मी तसे सांगितल्यावर त्याने टेबलाची उंची बदलून दिली आणि प्रत्येक चित्रानंतर मागे टेकू दिले.

हे चित्र मॅडमनी मला पडद्यावर दाखवले तेव्हा मी बराच वेळ त्याकडे पाहत राहिले. दृष्टिपटलाच्या ऐन मध्यावर मुळातच रक्तवाहिन्या नसतात, तेथे सर्वांनाच एक छोटे काळे वर्तुळ दिसते. माझ्या चित्रात त्या वर्तुळाची कड कानशिलाच्या बाजूला अनियमित होती आणि तिच्या पलीकडे जाळी विरळ झाली होती, काही ठिकाणी पूर्ण काळी. वरच्या थरातील जाळीपेक्षा खोल थरातील जाळीत हे अधिक स्पष्ट दिसत होते. ओसीटीच्या उभ्या छेदात त्याच जागी दृष्टिपटल पातळ झालेले होते. सिकलसेलमध्ये हा कानशिलाकडचा पट्टा विशेषकरून बाधित होतो, कारण वरून आणि खालून येणाऱ्या धमन्यांची शेवटची टोके तेथे एकमेकांजवळ संपतात आणि एक बाजू बंद पडली तर दुसरीकडून पुरेसा पुरवठा पोहोचत नाही. म्हणजे कडेबरोबरच मध्यभागाच्या शेजारीही काही घडून गेले होते आणि तरीही मी तक्त्यावरील शेवटची ओळ वाचली होती.

या तंत्राच्या मर्यादाही मॅडमनी त्याच वेळी सांगितल्या, आणि त्या कळल्याशिवाय असा अहवाल वाचू नये असे मला वाटते. अतिशय संथ प्रवाह यंत्राला दिसत नाही, त्यामुळे काळी जागा म्हणजे कायमची बंद वाहिनी असे लगेच म्हणता येत नाही. आमच्या आजारात तर काही केशवाहिन्या अधूनमधून बंद पडतात आणि पुन्हा सुरू होतात, हे एकाच रुग्णाची चित्रे काही वेळाच्या अंतराने घेऊन पाहणाऱ्यांना दिसलेले आहे. शिवाय या तंत्रात वाहिनीतून होणारी गळती कळत नाही, आणि चित्राचा चौकोन मध्यभागापुरता, सहसा तीन किंवा सहा मिलिमीटरचा असतो. माझा मुख्य प्रश्न कडेचा होता आणि त्यासाठी रंगद्रव्याची जुनी पद्धत आवश्यक होती.

फ्लुरोसीन अँजिओग्राफीची पद्धत १९६१ मध्ये हॅरॉल्ड नोव्होटनी आणि डेव्हिड ॲल्विस या अमेरिकेतील दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी प्रसिद्ध केली. हाताच्या शिरेत सोडियम फ्लुरोसीन हे रंगद्रव्य देतात. निळा प्रकाश पडला की ते हिरवट पिवळा प्रकाश परत फेकते आणि कॅमेरा गाळणी लावून तेवढाच टिपतो. माझ्या बाबतीत सर्वात अवघड भाग शीर सापडण्याचा होता. लहानपणापासून इतक्या सलाईन लागल्या आहेत की कोपराच्या शिरा कडक झाल्या आहेत. हे रंगद्रव्य शिरेबाहेर गेले तर खूप जळजळते, म्हणून परिचारिकेला मी घाई करू नका अशी विनंती केली. तिने गरम पाण्याच्या पिशवीने हात शेकला, मनगटाजवळची शीर निवडली आणि आधी साधे सलाईन ढकलून ती नीट चालते याची खात्री करून घेतली. ज्यांच्या शिरांची माझ्यासारखी स्थिती आहे त्यांनी ही मागणी संकोच न करता करावी.

रंगद्रव्य हातातून डोळ्यापर्यंत पोहोचायला साधारण १० ते १५ सेकंद लागतात. पहिल्या काही क्षणांची चित्रे एकाच डोळ्याची घेता येतात, म्हणून कोणता डोळा आधी हे डॉक्टरांना अगोदर ठरवावे लागते. ‘उजवा आधी’ याचा अर्थ मला तेव्हा कळला. निळ्या प्रकाशाचे झगमगाट सुरू झाले आणि पाठोपाठ पोटातून मळमळीची लाट आली. ‘लांब श्वास घ्या ताई, आत्ता जाईल ही,’ असे परिचारिका पाठीवर हात ठेवून म्हणाली आणि खरोखरच ती थोड्याच वेळात ओसरली. या रुग्णालयातील कॅमेरा नेहमीच्या मर्यादित कोनाचा होता. जवळजवळ २०० अंशांचे क्षेत्र एका चित्रात टिपणारे कॅमेरे आता मिळतात आणि सिकलसेलसाठी ते फार उपयोगी आहेत, परंतु ते सर्वत्र नाहीत. त्यामुळे वर, खाली, नाकाकडे, कानशिलाकडे असे क्रमाने बघत मला कडेचे एकेक क्षेत्र कॅमेऱ्यासमोर आणावे लागले. त्यानंतर डाव्या डोळ्याची चित्रे, आणि काही मिनिटांनी पुन्हा दोन्ही डोळ्यांची उशिराची चित्रे घेतली. गळती असेल तर ती या शेवटच्या चित्रांत अधिक पसरलेली दिसते.

या तपासणीनंतर त्वचा काही तास पिवळसर दिसते आणि लघवी दिवसभर, कधी दुसऱ्या दिवशीही, गडद नारिंगी होते. इतर रुग्णांना ही किरकोळ बाब वाटेल. आम्ही मात्र लघवीच्या रंगावरून रक्तपेशी किती तुटत आहेत याचा अंदाज घेत असतो आणि गडद रंग दिसला की घाबरतो. घरी पतींना आणि सासूबाईंना मी हे आधीच सांगून ठेवले होते. रंगद्रव्यामुळे रक्ताच्या आणि लघवीच्या काही चाचण्यांचे आकडे काही दिवस चुकीचे येऊ शकतात, म्हणून बिलिरुबिनची, म्हणजे काविळीच्या पिवळेपणाची, नियमित तपासणी आम्ही पुढच्या आठवड्यावर टाकली. त्या दिवशी दुपारभर मी भरपूर पाणी प्यायले. बाहुल्या मोठ्या असल्यामुळे काळा चष्मा लावून रिक्षाने घरी आले.

चित्रांचे वाचन दुसऱ्या भेटीत सावकाश झाले. मॉर्टन गोल्डबर्ग यांनी १९७१ मध्ये सिकलसेलमुळे दृष्टिपटलात होणाऱ्या बदलांचे पाच टप्पे सांगितले आणि आजही डॉक्टर त्याच टप्प्यांत बोलतात. पहिल्या टप्प्यात कडेच्या बारीक धमन्या बंद पडतात. दुसऱ्यात बंद भागाच्या सीमेवर धमनी आणि शीर यांना जोडणारे वळसे तयार होतात. तिसऱ्यात उपाशी राहिलेल्या दृष्टिपटलातून निघणाऱ्या रासायनिक संदेशांमुळे नव्या, नाजूक वाहिन्यांचा पंख्यासारखा झुपका उगवतो. चौथ्यात तो फुटून डोळ्याच्या पोकळीतील जेलीसारख्या काचद्रवात रक्त उतरते आणि पाचव्यात ताणामुळे पडदा सुटतो. माझ्या डाव्या डोळ्याच्या चित्रात उजळलेल्या वाहिन्या कडेकडे जाता जाता अचानक संपत होत्या, त्यांच्या पलीकडे सपाट काळोख होता आणि सीमेवर दोन-तीन वळसे होते, म्हणजे दुसरा टप्पा. उजव्या डोळ्यात वरच्या बाजूला, कानशिलाकडे, एक लहान झुपका होता. सुरुवातीच्या चित्रात त्याच्या फांद्या मोजता येतील इतक्या स्पष्ट होत्या आणि शेवटच्या चित्रात त्या जागी फक्त पसरलेला पांढरा ढग उरला होता. ती गळती होती, म्हणजे झुपका जिवंत होता. मला आतापर्यंत एकदाही डोळ्यांसमोर काळे ठिपके आले नव्हते, दुखले नव्हते, अंधुक झाले नव्हते. चित्र नसते तर मी कोणाच्याही सांगण्यावर विश्वास ठेवला नसता.

पुढे काय करायचे याचा निर्णय सरळ नव्हता आणि मॅडमनी तो माझ्यासमोर मांडून घेतला, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. सिकलसेलमधील असे झुपके अनेकदा स्वतःचाच रक्तपुरवठा बंद पडून वाळून जातात, त्यामुळे प्रत्येक झुपक्यावर लगेच उपचार करतातच असे नाही. पश्चिम आफ्रिका आणि कॅरिबियन भागात आढळणाऱ्या ‘एससी’ प्रकारात (एका पालकाकडून सिकलसेलचे आणि दुसऱ्याकडून ‘सी’ हिमोग्लोबिनचे जनुक) शरीराचा बाकीचा त्रास तुलनेने सौम्य असूनही डोळ्यांचा हा विकार ‘एसएस’पेक्षा जास्त दिसतो. एसएसमध्ये रक्त पातळ असल्यामुळे आणि वाहिन्या पूर्ण बंद पडत असल्यामुळे नव्या वाहिन्यांना जगायला कमी वाव मिळत असावा, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. भारतातील रुग्णांत एचबीएफचे प्रमाण जास्त असल्याने आजार सौम्य असतो असेही सर्रास म्हटले जाते. माझे एचबीएफ चांगले आहे, आणि तरी झुपका होताच. म्हणून त्या सर्वसाधारण विधानावर डोळ्यांची तपासणी टाळू नये, असे माझे ठाम मत झाले आहे. दुसऱ्या बाजूला, जमैकातील रुग्णांवर झालेल्या अभ्यासांत बंद पडलेल्या भागावर विखुरलेले लेझर दिल्याने काचद्रवातील रक्तस्राव आणि दृष्टी जाण्याचे प्रमाण कमी झाल्याचे दिसले आहे. झुपक्याला रक्त देणाऱ्या वाहिनीवरच जोरदार लेझर मारण्याची जुनी पद्धत मात्र गुंतागुंतीमुळे मागे पडली आहे. माझा झुपका गळत होता आणि दर थोड्या महिन्यांनी दृष्टिपटलतज्ज्ञांकडे येणे प्रवासामुळे व आजारपणामुळे मला नेहमी जमेल याची खात्री नव्हती. त्यामुळे उजव्या डोळ्याला विखुरलेले लेझर द्यायचे ठरले. ते थेंबांची भूल देऊन झाले, अधूनमधून टोचल्यासारखे दुखले आणि मी त्याच दिवशी घरी आले.

काही महिन्यांनी पुन्हा अँजिओग्राफी झाली तेव्हा झुपका आक्रसलेला होता आणि शेवटच्या चित्रातील ढग जवळजवळ नाहीसा झाला होता. तो लेझरमुळे गेला की आपोआप, हे एका डोळ्यावरून सांगता येणार नाही, असे मॅडम प्रामाणिकपणे म्हणाल्या. ओसीटी अँजिओग्राफीत मध्याजवळची विरळ जाळी होती तशीच आहे. ती भरून येत नाही, फक्त वाढत तर नाही ना हे पाहायचे असते. यापुढे दर वर्षी बाहुली मोठी करून तपासणी आणि ओसीटी अँजिओग्राफी, आणि नवा बदल दिसला तरच रंगद्रव्य, असे ठरले आहे. डोळ्याला मार लागून पुढच्या भागात रक्त साचले तर सिकलसेलमध्ये थोडा वाढलेला दाबही दृष्टीच्या नसेला घातक ठरतो आणि हा धोका ‘एएस’ वाहकांनाही असतो, हेही मॅडमनी लिहून दिले; आमच्या घरात वाहक बरेच असल्याने ती ओळ मी सर्वांना वाचून दाखवली.

चित्रांची सीडी आणि छापील प्रती घेऊन मी महाराष्ट्र एक्सप्रेसने नागपूरला गेले आणि रक्तविकारतज्ज्ञांना ती दाखवली. माझा धाकटा भाऊही एसएस आहे, साकोलीला शेती पाहतो आणि त्याला वाचायला चष्माही लागत नाही. मी माझी चित्रे त्याच्यासमोर ठेवली. वहिनीने ती त्याच्याआधी हातात घेतली आणि मला तारीख विचारली. त्याची तपासणी नागपुरात झाली आहे. दोन्ही डोळ्यांत कडेच्या काही धमन्या बंद आहेत, वळसे किंवा झुपका कुठेही नाही, आणि त्याला पुढच्या वर्षी पुन्हा बोलावले आहे.